इसब ताब्यात ठेवता येतो

मंडळी, खाज कुणाला सुटत नाही? डास चावला, खाजते. खाजकुयली लागली, खाजते. पण ती खाज घटकाभराची. इसबाची खाज तशी नाही. ती येते, जाते आणि पुन्हा येते. दिवसा कामाच्या नादात माणूस तिला विसरतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की ती जागी होते. खाजवून खाजवून कातडी सोलते. पाणी सुटते, रक्त येते. झोप होत नाही. सकाळी कामात जीव लागत नाही.

त्याहून वाईट असते ती लोकांची नजर. "हिच्या हातचं पाणी नको," असे घरातलेच बोलतात. शाळेत पोराजवळ कुणी बसत नाही. मुलीचे लग्न अडते. मग माणूस लाजतो, हात पदराखाली लपवतो. कुणी काही औषध सांगितले, की ते लावतो. पैसा जातो आणि पुष्कळदा दुखणे वाढते.

म्हणून इसब म्हणजे काय, तो का उठतो, उठला तर काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात पाहू.

कातडी म्हणजे भिंत

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतराव रास्ते यांनी ते देऊळ १७६२ मध्ये बांधले. देऊळ अगदी कृष्णेच्या काठी आहे. पावसाळ्यात नदी फुगते. पण देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर येते आणि दोन्ही बाजूंना फाकते. भिंत भक्कम, म्हणून आतले देऊळ सुरक्षित.

आपली कातडी ही अंगाची अशीच भिंत आहे. ती बाहेरची धूळ, जंतू, साबण, गवताचा रस आत येऊ देत नाही. आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. तिच्या वरच्या थरात बारीक बारीक पेशी असतात. त्या जणू दगड. दगडांच्या मध्ये नैसर्गिक तेलकटपणा असतो. तो जणू चुना.

काही माणसांची ही भिंत जन्मापासून थोडी कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन कातडी घट्ट ठेवायला मदत करते. काहींच्या अंगात ते कमी तयार होते. स्कॉटलंडमधील डंडी गावच्या संशोधकांनी २००६ मध्ये इसबाशी त्याचा संबंध दाखवून दिला. पुष्कळांना हा कच्चेपणा आईबापांकडून मिळतो. म्हणून एकाच घरात कुणाला इसब, कुणाला दमा, तर कुणाला सारख्या शिंका, असे दिसते.

भिंत कच्ची असली, की दोन गोष्टी होतात. ओलावा निघून जातो आणि कातडी कोरडी पडते. बाहेरचे पदार्थ आत शिरतात. मग शरीर त्यांच्याशी भांडू लागते. त्या भांडणात कातडी लाल होते, सुजते आणि खाजते. आपण खाजवतो. खाजवल्याने भिंत आणखी फुटते. म्हणजे पुन्हा खाज. असा हा रहाटगाडगा फिरत राहतो.

लहान बाळाला इसब बहुधा गालावर उठतो. मोठेपणी तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मानेवर, हातावर दिसतो. फार दिवस राहिला, की कातडी जाड व काळपट होते. पुष्कळ मुलांचा इसब वय वाढेल तसा कमी होतो. काहींचा मात्र जन्मभर अधूनमधून उठत राहतो.

हा इसबच का?

खाजणारा प्रत्येक चट्टा इसब नसतो. म्हणून आधी डॉक्टरला दाखवावे.

खरूज बारीक किड्यामुळे होते. ती बोटांच्या बेचक्यात व मनगटावर फार असते. घरात एकाला झाली, की दुसऱ्याला होते. तिचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागते.

गजकर्ण बुरशीमुळे होते. त्याला नायटाही म्हणतात. त्याचा चट्टा गोल असतो आणि कडा उठावदार असते. तोही एकाचा दुसऱ्याला लागतो.

कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा खाजत नाही. तेथे स्पर्श कळत नाही, बधिरपणा असतो. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळते.

इसब यांपैकी काही नाही. इसब शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्याने लागत नाही. एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

इसब का उठतो?

प्रत्येकाचे कारण निराळे असते. ते ज्याचे त्याने शोधायचे असते. चट्टा कोठे उठला, केव्हा उठला आणि त्याआधी आपण काय केले, हे पाहात जावे.

थंडीच्या दिवसांत वाईकडची हवा कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. त्याच दिवसांत कढत पाण्याने अंघोळ केली, की कातडीचे उरलेले तेल निघून जाते. उन्हाळ्यात घाम झोंबतो. उसाच्या फडात पाचट अंगाला घासते.

बायकांचे हात दिवसभर पाण्यात असतात. भांड्यांची पावडर, कपड्यांचा सोडा हाताला लागतो. अंगठीखाली साबण साचतो आणि चट्टा तेथूनच सुरू होतो. सारखा लसूण सोलला, तर काहींची बोटांची टोके फुटतात. कपाळाला टिकलीच्या चिकटाने चट्टा पडतो. खोट्या दागिन्यांत निकेल नावाचा धातू असतो. त्याने कान आणि गळा चिडतो. गवंड्याचे हात सिमेंटने फुटतात. केसांच्या काळ्या रंगानेही काहींना त्रास होतो.

काळजीनेही खाज वाढते. कर्जाची तारीख जवळ आली, घरात आजारपण आले, की इसब उठतो. यात लाजण्यासारखे काही नाही. मन आणि कातडी एकाच शरीराची आहेत.

गाजर गवताची गोष्ट

आता एका शत्रूची ओळख करून घेऊ. हा शत्रू बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात उभा असतो. पाने गाजरासारखी, फुले बारीक पांढरी. कुणी त्याला गाजर गवत म्हणतात, कुणी काँग्रेस गवत, तर कुणी चटकचांदणी.

हे गवत मूळचे आपले नाही. ते अमेरिका खंडातून आले. १९५० नंतरच्या काही वर्षांत ते पुण्यात डोळ्यांत भरू लागले आणि १९५६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद छापली. एकेका रोपाला हजारो बिया येतात. पाहता पाहता ते देशभर पसरले.

या गवतात पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो. काही माणसांच्या कातडीला तो अजिबात सोसत नाही. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये अशा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. या गवताने होणारा इसब तोंडावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत उठतो. गवताला हात लावलाच पाहिजे, असेही नाही. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने उडते आणि अंगावर बसते. शेतात राबणाऱ्या माणसांना हा त्रास फार.

गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातात मोजे आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा असावा. ज्याला इसब आहे, त्याने मात्र हे काम करू नये. शेजारीपाजारी मिळून करावे. एकाने आपला बांध साफ केला आणि दुसऱ्याने ठेवला, तर उपयोग नाही. वारा कुणाचा बांध ओळखत नाही.

रोजची काळजी

इसब उठलेला नसतानाही ही काळजी घ्यायची असते. खरे औषध हेच आहे.

अंघोळ कोमट पाण्याने करावी. पाच ते दहा मिनिटे पुरेत. दगडाने किंवा काथ्याने अंग घासू नये. साबण सौम्य असावा आणि तो काखा, जांघा, पाय येथेच लावावा. कपड्याचा साबण अंगाला कधी लावू नये.

अंघोळीनंतर मऊ पंच्याने अंग टिपावे, रगडू नये. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध पदार्थ लावावा. पांढरी पेट्रोलियम जेली चालते. ती स्वस्त असते. स्वच्छ खोबरेल तेलही पुष्कळांना मानवते. सुवासिक वस्तू टाळावी. वास जितका उग्र, तितका धोका अधिक. सकाळी एकदा आणि रात्री निजताना एकदा लावावे. हात भांड्यातून निघाले, की पुन्हा लावावे.

अंगाला सुती कपडा बरा. जुन्या लुगड्यासारखे मऊ कापड दुसरे नाही. घोंगडी अंगाला टोचते. थंडीत ती घ्यावीच लागली, तर आत लुगडे किंवा चादर घ्यावी. कपडे धुताना साबण पुरता निघेपर्यंत खळबळावे.

भांडी घासताना रबरी मोजे घालावेत. आत सुती मोजे असले, तर घाम झोंबत नाही. नखे बारीक कापावीत. लहान मुलाला "खाजवू नकोस" म्हणून ओरडू नये. ते बिचारे काय करणार? खाजते तेथे गार ओले फडके दाबून धरावे.

इसब उठला तर

कल्पना करा. वाईजवळच्या एका गावची मावशी दवाखान्यात आली आहे. तिचे दोन्ही हात फुटले आहेत. तिचे आणि डॉक्टरीणबाईंचे बोलणे असे होईल :

"बाई, धा वर्सं झाली. लई औषधं केली. हे कायमचं कधी जाणार वं?"

"मावशी, तुमच्या शेताला बांध आहे?"

"हाय की."

"एकदा घातला, आता बघायला नको, असं चालतं?"

"छ्या! दरसाल माती लावावी लागती. न्हाईतर पयल्याच पावसात फुटंल."

"मग कातडीचंही तसंच आहे. तुमचा बांध जरा कच्चा आहे. तेल-मलमाची माती रोज लावायची. आणि फुटलाच, तर लगेच बुजवायचा. मी मलम देते ते त्यासाठी."

"ह्ये इष्टेराईड म्हनत्यात त्येच का? शेजारीण म्हनली, लावू नगंस, कातडी जळती."

"शेजारणीचं निम्मं खरं आहे. विळा वाईट का? चालवता आला तर पीक कापतो, नाही तर बोट कापतो. हे मलम तसंच."

बाईंचे म्हणणे नीट समजून घेऊ. स्टेरॉईड मलम हे इसबावरचे मुख्य औषध आहे. न्यूयॉर्कमध्ये डॉ. सुल्झबर्गर आणि डॉ. विटन यांनी १९५२ मध्ये असे औषध कातडीला लावून इसब शमतो, हे दाखवले. तेव्हापासून जगभर ते वापरतात. त्यात सौम्य आणि जहाल असे पुष्कळ प्रकार आहेत. तोंडाला, काखेला व जांघेला सौम्य लागते. हातापायाच्या जाड कातडीला जहाल लागते. कोणते, किती दिवस आणि केव्हा बंद करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

माप सोपे आहे. अंगठ्याजवळच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची वात काढावी. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला ते पुरते. भीतीपोटी टिचभर लावले, तर इसब जात नाही. हौसेने थापले, तर अपाय होतो.

चट्ट्याला पाणी सुटले असेल, तर स्वच्छ सुती फडके गार पाण्यात भिजवून, पिळून, थोडा वेळ ठेवावे. त्याने आग शमते. झोप अगदीच येत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगावे.

स्टेरॉईडशिवायचीही मलमे आहेत. टॅक्रोलिमस हे त्यांतले एक. जपानमध्ये १९८४ मध्ये मातीतल्या एका जंतूपासून ते मिळाले. त्याने कातडी पातळ होत नाही, म्हणून तोंडावर ते उपयोगी पडते. इसब फारच पसरला असेल, तर प्रकाशाचे उपचार, गोळ्या आणि इंजेक्शने आहेत. तेव्हा "आता काही इलाज नाही" असे म्हणून घरी बसू नये.

हे करू नका

पुष्कळ लोक औषधाच्या दुकानात जातात आणि "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. दुकानदार एखादी मिश्र मलमाची ट्यूब देतो. तीत स्टेरॉईड असते, बुरशीचे औषध असते, जंतूंचेही असते. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश होतो. मलम सोडले, की खाज दुप्पट वाढून परत येते. मग पुन्हा ट्यूब. असे महिनोन्‌महिने चालते. कातडी पातळ होते, तिच्यावर रेघा पडतात. तोंडावर लावले, तर पुटकुळ्या आणि लव येते. गजकर्णाला लावले, तर वरून ते झाकते आणि आतून पसरते.

हा घोटाळा वाढला, म्हणून भारत सरकारने मार्च २०१८ मध्ये नियम कडक केला. १४ स्टेरॉईडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे ठरले. तेव्हा चिठ्ठीवाचून ट्यूब मागू नका. कुणी देऊ केली, तरी घेऊ नका. शेजाऱ्याची ट्यूबही नको.

इसबावर बिब्बा लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि त्याने नवा इसब उठतो. रुईचा चीक, चुना, रॉकेल यांचीही तीच गत. बाजारात कुणी बिननावाची पुडी देतो आणि "मुळापासून घालवतो" म्हणतो. ज्या औषधावर नाव नाही, त्यात काय आहे कुणास ठाऊक! त्यात चोरून स्टेरॉईड घातलेले असू शकते.

आणखी एक गोष्ट पथ्याची. "वांगं बंद, अंडं बंद, मासे बंद, दूध बंद," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या माणसांचा इसब बहुधा खाण्यामुळे नसतो. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल, तर तो टाळावा. पण लहान मुलाचे दूध-अंडे उगाच तोडले, तर मूल खंगते. आधी डॉक्टरांना विचारावे.

दवाखान्यात ताबडतोब केव्हा जावे?

चट्ट्यावर पिवळी खपली धरली, पू झाला किंवा ताप आला, तर थांबू नये. तेथे जंतू शिरलेले असतात. एकाएकी दुखरे, बारीक, खोलगट फोड घोळक्याने उठले, तर त्याच दिवशी जावे. डोळ्याजवळ तसे झाले किंवा सगळे अंग लाल झाले, तरी त्याच दिवशी.

वाईला ग्रामीण रुग्णालय आहे. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि पुड्या बरोबर न्याव्यात. काही लपवू नये. डॉक्टर रागावतील, म्हणून लपवले, तर नुकसान आपलेच.

घरच्यांनी काय करावे?

इसबवाल्या माणसाला औषधाइतकीच घरच्यांच्या आधाराची गरज असते. सून हात फुटले म्हणते, तेव्हा "कामाची कटकट" असे म्हणू नये. चार दिवस भांडी दुसऱ्याने घासावीत. पोराच्या गुरुजींना जाऊन सांगावे, की हे लागत नाही, त्याला सगळ्यांत बसवा. मुलीचे लग्न ठरवताना इसब लपवू नये आणि त्याचा बाऊही करू नये. साखर, रक्तदाब असलेली माणसे संसार करतात. इसब असलेलीही करतात.

इसब मुळासकट जावा, असे प्रत्येकाला वाटते. ते साहजिक आहे. पण त्याच हट्टापायी माणूस या औषधावरून त्या औषधावर उड्या मारतो आणि फसतो. त्यापेक्षा त्याला ताब्यात ठेवायला शिकावे. मग आठवडे, महिने, कधी कधी वर्षेही सुखाची जातात. रात्रीची झोप लागते. हात पदराखाली लपवावा लागत नाही.

ध्यानात ठेवा

१. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

२. कोमट पाण्याने अंघोळ करा. अंग ओलसर असतानाच तेल किंवा जेली लावा. बरे वाटले, तरी सोडू नका.

३. आपला इसब कशाने उठतो ते शोधा आणि ते टाळा.

४. मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. सांगितले तेवढेच, सांगितले तितकेच दिवस लावा.

५. बिब्बा, चीक, चुना, रॉकेल, बिननावाची पुडी यांपासून दूर राहा.

६. पू, ताप, दुखरे फोड दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सांगा पाहू

तुमच्या बांधावर गाजर गवत आहे का? ते उपटायला कोण कोण येईल? तुमच्या आळीत इसबामुळे कुणाला लांब बसवतात का? त्या घरी हा पाठ कोण वाचून दाखवील?